भोरची वहिनी

“ही पोरगी बाईला नुसती उभी करती आन् बसवती. बाई खिडकीपाशी उभी हाय. बाई खुर्चीत बसली. बाई उठली. ह्यो सिनेमा हाय का पंचनामा?”

दाराबाहेर चपला काढता काढता मी हे ऐकलं. आत आमचे सर कोणालातरी समजावत होते की मुलगी नवीन आहे, इंग्रजी शाळेतली आहे, शिकेल हळूहळू. त्यावर तोच आवाज म्हणाला की शाळा कुठलीही असू दे, डोळे तर चांगले आहेत ना तिचे. एक चप्पल हातात धरून मी जिन्यात उभी राहिले. आत जावं की परत खाली उतरावं, हे ठरायला बराच वेळ लागला. शेवटी आत गेले, कारण माझा डबा आत राहिला होता.

आमचं ऑफिस बुधवार पेठेत, स्पीकर आणि अँप्लिफायर विकणाऱ्या एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. तिथे आम्ही जुन्या हिंदी सिनेमांना मराठी वर्णन जोडायचो, ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी. दोन संवादांच्या मध्ये जी काही मोकळी जागा असते, पाच सेकंद, आठ सेकंद, त्या जागेत पडद्यावर काय चाललं आहे ते सांगायचं. लिहिण्याचं काम माझं. आणि मी लिहिलेलं पास की नापास, हे ठरवायचं काम हडपसरच्या काकूंचं. ‘पंचनामा’ म्हणणारा आवाज त्यांचाच.

काकू सत्तरीच्या होत्या. ठेंगण्या, नऊवारी नेसणाऱ्या, कपाळावर गोंदण. पंचेचाळिशीच्या आसपास काचबिंदूने त्यांची नजर गेली. त्यांची शेती होती तिथे आता टॉवर आहेत आणि त्यातल्याच एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर त्या राहायच्या. “आमचा फ्लॉवर जमिनीवर यायचा, आम्ही वर गेलो,” असं सांगायच्या. बसने स्वारगेटला उतरून, काठी टेकत, पुढे रिक्षा करून एकट्या येत. रेसकोर्स आलं की हवा गार लागते, म्हणून खिडकीची जागा सोडत नसत. ऑफिसात आल्या की स्क्रीनकडे पाठ करून बसत. ज्याचा उपयोग नाही त्याच्याकडे तोंड कशाला करायचं, असं त्यांचं म्हणणं.

मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं कॉम्प्युटरने. खरं तर ते मीच करायला हवं होतं. पण मला लोकांसमोर मराठी वाचता येत नाही. बोलता येतं, लिहिता येतं, मोठ्याने वाचायचं म्हटलं की अडखळते. शाळेत मराठीच्या तासाला उभं राहून धडा वाचताना वर्ग हसलेला आहे. त्यामुळे मी सगळं टाइप करायचे आणि एक यांत्रिक पुरुषी आवाज ते वाचायचा. काकू त्याला ‘सरकारी बाबा’ म्हणायच्या. नायिका रडत असली तरी हा बाबा रेल्वेच्या घोषणेसारखं सांगायचा.

पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं, ‘नायिका हसते.’ काकूंनी हात वर करून बाबाला थांबवायला लावलं.

“कशी हसती?”

मी टाइप केलं, ‘नायिका गोड हसते.’

काकू म्हणाल्या की गोड पेढा असतो. मग त्यांनी मला तो शॉट पुन्हा बघायला लावला. पुन्हा. आणि पुन्हा. सहाव्यांदा मला दिसलं की ती हसत नाहीच. हसू ओठांपर्यंत येतं, तेवढ्यात तिला दाराबाहेर पावलं ऐकू येतात, आणि ती पदराचं टोक दातांत धरते. मी तसं लिहिलं. बाबाने ते त्याच्या कोरड्या आवाजात वाचलं. काकूंनी स्वतःचा पदर नकळत तोंडापाशी नेला आणि म्हणाल्या, “पास.”

तुम्हीही हे सिनेमे पाहिले असतील. आजीबरोबर, रविवारी, अर्धं लक्ष फोनमध्ये. मीही तसेच पाहिले होते. एक चेहरा मी कधी आठ सेकंद सलग पाहिलेला नव्हता. त्या काळ्या-पांढऱ्या चेहऱ्यांवर प्रकाश कसा ठेवलेला असतो, डोळ्यांत एक छोटा चौकोनी ठिपका असतो तो कुठल्यातरी दिव्याचा, आणि तो ठिपका हलला की समजायचं पाणी आलं, हे मला काकूंनी दाखवलं. त्यांना तो दिसत नव्हता. पण तो असणार, हे त्यांना माहीत होतं.

काकू नट्यांची नावं कधीच घेत नसत. त्यांच्या तोंडी असायच्या भोरची वहिनी, सासवडची आक्का आणि जेजुरीची धाकटी. भोरची म्हणजे मोठ्या डोळ्यांची, सोसणारी. सासवडची सारखी हसायची, घोड्यावर बसायची, बापाला उलट बोलायची. जेजुरीची नाचायची आणि शेवटी बहुतेक वेळा मरायची. पहिले काही दिवस मला वाटलं, काकू नातेवाइकांबद्दल बोलत आहेत. काही जण हसतील, पण ऐकणाऱ्याला तसंच वाटावं, अशी सोयच त्यांनी करून ठेवली होती.

लग्न होऊन हडपसरला आल्या तेव्हा घरात सासू, दीर, थोरली जाऊ. पहाटे भाजी घेऊन दोघी जावा मंडईत यायच्या. माल दहापर्यंत उरकायचा आणि परतीची गाडी तीन वाजता. मधल्या वेळात काय करता, असं सासूने कधी विचारलं नाही आणि यांनी कधी सांगितलं नाही. मॅटिनीला त्या रिकाम्या पाट्या खुर्चीखाली सरकवून बसायच्या. मागच्या रांगेतले कोथिंबिरीचा वास येतो म्हणून कुरकुरायचे. दुसऱ्या दिवशी वाफ्यात खुरपताना आख्खा सिनेमा पुन्हा बोलून काढायचा. पण सासू बांधावर बसलेली. म्हणून नट्यांना गावं दिली, नाती दिली. सासूला वाटायचं, मंडईत भेटणाऱ्या बायकांच्या सुखदुःखाच्या गोष्टी चालल्यात.

एका सिनेमात भोरच्या वहिनीला दिवस गेलेले असतात आणि नवरा टाकून देतो. दोघी जावा वाफ्यात बसून डोळे पुसत होत्या. सासूने विचारलं काय झालं. सांगितलं. दोन दिवसांनी तिने डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे ठेवला आणि म्हणाली की भोरकडे जाणारं कोणी भेटलं तर धाडा, पहिलटकरीण आहे.

“मग काय केलं तुम्ही?” मी विचारलं. एवढं मी बोलायला लागले होते तोवर.

“काय करतो? डबा घेतला आन् थेटरात गेलो. भोरचीचाच दुसरा सिनेमा लागल्ता. तिच्या म्होरंच बसून खाल्ले. ती पडद्यावर रडती, आम्ही खाली रडतोय, तोंडात लाडू.”

सासू पुढे कितीतरी वर्षं भोरचीची चौकशी करत राहिली. मुलगी झाली असं कळवल्यावर तिने टोपरंही शिवलं.

रंगांवरून दोघी जावांची भांडणं व्हायची. सिनेमा काळा-पांढरा, तरी साडीचा रंग ठरवल्याशिवाय त्या घरी जात नसत. थोरली म्हणायची डाळिंबी, काकू म्हणायच्या मोरपंखी. मलाही त्या रंग विचारायच्या. मी सांगितलं की काकू, हा ब्लॅक अँड व्हाइट आहे. ते मला ठाऊक आहे, त्या म्हणाल्या, मी आंधळी आहे, अडाणी नाही. मग मी घाबरत म्हटलं, करड्या रंगावरून जांभळट वाटते. त्यावर त्यांनी मला एक नियम सांगितला. रंग ठरवायचा असतो, त्यात आपली मर्जी. पण जे दिसतं ते ठरवायचं नसतं, ते आहे तसं सांगायचं. दुसरा नियम गाण्यांचा. बाई गात असली की आपण गप्प. दोन कडव्यांच्या मध्ये नुसती वाद्यं वाजतात, तेवढ्यातच काय ते बोलून घ्यायचं.

मला या कामाचं हळूहळू वेड लागत गेलं. बसस्टॉपवर उभी असताना मनात वाक्यं तयार व्हायची: एक बाई मोबाइल कानाशी धरून उभी आहे, पलीकडच्याला दिसणार नाही, तरी ती मान डोलावते. घरी आई कणीक मळायची, तर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या मला पहिल्यांदा दिसल्या. सगळी दुपार गाण्याच्या तुकड्यांत तरंगत जायची. खाली दुकानात कोणीतरी नवा स्पीकर वाजवून बघायचं, वर आमच्या खोलीत एखादी नायिका चांदण्यात होडीत बसलेली असायची, आणि काकू डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत असायच्या. मिटायची गरज नव्हती. पण सुखाच्या वेळी त्या डोळे मिटायच्या.

एकदा मी विचारलं, इतक्या वर्षांनी चेहरे आठवतात का. त्या म्हणाल्या की रोज रात्री झोपताना एकेकीला समोर उभं करते. नवरा झाला, पोरं झाली, थोरली झाली, मग भोरची, सासवडची. पोरांचे चेहरे पुसट झालेत, कारण ती बदलत राहिली. सिनेमातल्या बायका बदलत नाहीत, म्हणून त्या शाबूत. “त्या बी गेल्या, तर म्या खरीखुरी आंधळी.” असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

तर, भोरच्या वहिनीचा आणखी एक सिनेमा. नाव सांगत नाही, तुम्ही लगेच मोबाइलवर शोधाल. आमच्या यादीत तो आला तेव्हा काकूंनी त्या आठवड्यात तीनदा फोन केला. त्या सिनेमाच्या शेवटी एक गाणं आहे. भोरची सासरचं घर सोडून जाते. अंगण, तुळस, लाकडी फाटक. फाटकाशी पोचल्यावर ती मागे वळून बघते, गालावर केसांची एक बट, आणि थेट आपल्याकडे बघते. हे मी काकूंकडून किती वेळा ऐकलं असेल. दोघी जावांनी तो सिनेमा एकदाच पाहिला, त्याचा थेटरातला शेवटचा दिवस होता. बाहेर आल्यावर थोरली म्हणाली की ती माझ्याकडे बघत होती. काकू म्हणाल्या, छे, माझ्याकडे. हे भांडण चाळीस वर्षं चाललं. थोरली आजारी होती, जीभ जड झाली होती, तेव्हाही तिने खुणेने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि काकूंना कळलं की कशाबद्दल बोलते आहे. थोरली जाऊन आता सहा वर्षं झाली होती. तो चेहरा पाहिलेलं काकूंच्या ओळखीचं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मी गाणं लावलं. अंगण होतं, तुळस होती, फाटक होतं. भोरची मागे वळत नव्हती.

मी ते तीस वेळा पाहिलं असेल. एकेक चौकट पुढे सरकवून पाहिलं. सरांना म्हटलं, कदाचित आपली प्रत कापलेली असेल. त्यांनी एका संग्रह करणाऱ्या गृहस्थांकडून दुसरी प्रत आणवली. तिच्यातही तेच. गाणं सलग होतं, कुठे सांधा नव्हता, ताल चुकत नव्हता. असा शॉट कधी नव्हताच. सर म्हणाले, आहे ते लिही. ते सकाळी म्हणाले, आणि मी संध्याकाळपर्यंत कर्सरकडे बघत बसले. मग मी लिहिलं, ‘फाटकाशी ती मागे वळून पाहते. गालावर केसांची बट. ती थेट समोर पाहते.’

दुसऱ्या दिवशी सरकारी बाबाने ते वाचलं. काकूंनी मला तीनदा परत लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची फिरवून स्क्रीनकडे तोंड केलं होतं. असं त्या कधी करत नसत.

“कुणाकडं बघती गं?” त्यांनी हळूच विचारलं.

मी कीबोर्डवर उगाच एक कळ दाबली. काकू म्हणाल्या, असू दे, शेवटचं पास करायला सोमवारी येते, तेव्हा सांग. कुणाकडे ते तूच ठरव, थोरलीला मी कळवीन.

त्यांना रिक्षापर्यंत सोडायला मी खाली उतरले. कोपऱ्यावर पाटी घेऊन बसलेल्या एकाने त्यांना मेथी ताजी आहे, आत्ताच आली आहे, असं सांगितलं. काकूंनी जुडी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, “आत्ता आली व्हय? परवा निघाली असंल, चालत आली वाटतं.” तो ओशाळून दुसरी शोधायला लागला. काकू माझा दंड धरून चालता चालता सांगत होत्या की आंधळ्याला खोटं सांगायला लोकांना काही मेहनत पडत नाही. रिक्षावाला सांगतो आलं स्वारगेट. सून सांगते साडी शोभते. मुलगा सांगतो, खिडकीतून अजून आपली विहीर दिसते. विहीर कधीच बुजवली, मातीचे ट्रक मी ऐकले होते. सगळे चांगल्यासाठीच सांगतात. म्हणून मी कोणाचंच धरून चालत नाही.

रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, “तुझं सोडून.”

रिक्षा गेली. मी तिथेच उभी राहिले, मेथीवाल्याने विचारलं ताई काय देऊ, तरी उभी होते. सोमवारपर्यंत मी नीट जेवले नाही. खोटं ठेवलं, तर त्यांचा चेहरा शाबूत राहणार होता. पण मग माझ्यात आणि मेथीवाल्यात काही फरक नव्हता. खरं सांगितलं, तर हा एकच चेहरा जाणार नव्हता. एक खोटा निघाला की बाकीच्यांवर कसा विश्वास ठेवायचा? थोरलीच्या चेहऱ्यावर तरी कसा? आणि चाळीस वर्षांचं ते भांडण, ते कशावरून होतं मग?

आता काकू हडपसरला नाहीत. मागच्या दिवाळीनंतर त्या धाकट्या मुलाकडे नाशिकला गेल्या. त्यांच्या खुर्चीत आता एक कॉलेजचा मुलगा बसतो, तो फार सज्जन आहे आणि सगळंच पास करतो. जाण्याआधी काकूंनी माझ्याकडून आणखी बरेच सिनेमे करून घेतले, सासवडची घोड्यावरून पडते तोसुद्धा. पण त्यांची आठवण आली की मला ती सोमवारची दुपारच दिसते.

त्या नव्या इरकलीत आल्या होत्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या की आज सरकारी बाबाला सुट्टी दे, भोरचीचं तू वाच. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात सरांनी बाहेरून दार ओढून घेतलं, मुद्दाम की चुकून ते मी अजून विचारलेलं नाही.

मी वाचायला लागले. पहिल्या दहा मिनिटांत माझा आवाज दोनदा फाटला. एका ठिकाणी ‘ओसरी’ म्हणताना अडखळले. काकू हसल्या नाहीत. खाली दुकानात कोणीतरी गाण्याचा आवाज वाढवला होता, तो मध्येच बंद झाला. दुपार पिवळी झाली. सासूचा जाच, नवऱ्याचा संशय, देवघरातली समई, मी एकेक सांगत गेले आणि कुठेतरी मध्यावर मला माझा आवाज ऐकू येईनासा झाला, फक्त ती बाई दिसायला लागली.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, आम्ही गप्प. दुसरं कडवं. भोरची ओसरीवरून उतरली, तुळशीपाशी थांबली. शेवटचे शब्द संपले आणि नुसती सारंगी उरली. माझ्यासमोरच्या कागदावर ते वाक्य छापलेलं होतं. काकूंनी खुर्ची फिरवली. स्क्रीनचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला, गोंदणावर, उघड्या डोळ्यांवर. पदर त्यांनी सारखा केला, कोणीतरी बघणार आहे तसा.

मी स्पेसबार दाबला. सारंगी तुटली.

“लाइट गेली का गं?” काकू म्हणाल्या.

लाइट होती. पडद्यावर भोरची पाठमोरी उभी होती, एक पाय फाटकापलीकडे. मी कागद पालथा घातला, काकूंच्या जवळ खुर्ची ओढली आणि म्हणाले,

“काकू, मागच्या वेळी मी खोटं लिहिलं होतं. ती मागे वळत नाही. ती फाटकातून बाहेर पडते. अंबाडा सुटत आलाय, तो ती सावरत नाही. बाहेरून फाटकाची कडी स्वतःच लावते, हळू, आवाज होऊ नये अशी. मग हात थोडा वेळ कडीवरच राहतो. आणि ती चालायला लागते. तिचा चेहरा दिसत नाही काकू. मलाही दिसत नाही.”